दीड तास जायला, साडेचार तास यायला

माझ्या सख्ख्या मामाने माझ्या आईला फसवलं. मामाचं नाव लोटन, गाव अमळनेर, आणि आज हे लिहितोय तेव्हा तो जिवंत आहे. मेलेल्या माणसाच्या माघारी बोलतो असं मला कोणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. त्याने काही चोरलं नाही, कुठे खोटी सही केली नाही. त्याने एक अंतर मोजून दाखवलं. पण माझा सगळा जन्म सुरतच्या कापडबाजारात गेला आहे, आणि तिथे मी एकच गोष्ट शिकलो. गजाला विचारून काही कळत नाही, गज कोणाच्या हातात आहे ते बघावं लागतं.

तेव्हा आम्ही सुरतच्या उधन्याला राहत होतो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. भिंत म्हणजे नावाला. पलीकडे चोवीस माग सुरू असायचे आणि आमच्या फळीवरची भांडी सतत किणकिणत असायची. वीज गेली की माग थांबायचे आणि आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो, काहीतरी वाईट झाल्यासारखे. आबा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यात माग चालवायचे. दिवसभर त्या आवाजात राहून त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते बोलायचेही कमी. घरातलं बोलणं सगळं मायकडे होतं. ती जन्मभर अहिराणीच बोलत आली. शेजारी ओडिया, समोर गुजराती, कोपऱ्यावर यूपीचा पानवाला, सगळ्यांशी अहिराणी, आणि सगळ्यांना ती समजायची. चुलीवर कळण्याची भाकरी, ठेचा आणि आठवड्यातून एकदा शेवभाजी, तिची तर्री अशी लाल की आबा जेवताना गमछ्याने डोकं पुसायचे. शोभाताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. ती घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची, आणि संध्याकाळी तिचे हात, कपाळ, पोलक्याच्या बाह्या, सगळं चमकत असायचं. आंघोळ केली तरी एखादी टिकली कानामागे राहायचीच. मी ती नखाने काढायचो आणि ती मला चापट मारायची.

आमच्या घरात वर्षाचा सण एकच, आखाजी. बाकीचे लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. खानदेशी माणसाला आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा दिवस. घागर पुजायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, पुरणपोळी, आमरस, कुरडया, झाडाला झोका. पण लेक आपली आपण उठून माहेरी येत नाही. तिला आणायला भाऊ जातो. त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय सासुरवाशिणीने पाय उचलायचा नाही, आणि मला न्यायला ये असं तिने स्वतः होऊन म्हणायचंही नाही. बोलावणं मागून घेतलं तर ते बोलावणं राहत नाही.

मायचा मुराळी म्हणजे लोटनमामा. दर आखाजीच्या आधी तो अमळनेरहून पॅसेंजरने यायचा. ताप्ती लाइन तेव्हा एकेरी होती. समोरून गाडी आली की आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात बाजूला उभी. सकाळी निघालेला माणूस दिवस कलताना उधन्याला उतरायचा, कोळशाच्या धुराने तोंड काळं, खांद्यावर आंब्यांची पाटी, काखेत डांगर. दारातूनच ओरडायचा, "अक्का, चाल!" आणि माय, जी आठ दिवसांपासून गाठोडं बांधून बसलेली असायची, म्हणायची, "थांब रे, मन्हं काहीच आवरायेल नही." दरवर्षी हेच. मी मोठा होईपर्यंत मला वाटायचं, जगातला सगळ्यात चांगला माणूस म्हणजे हा. नंतर मी माणसं बघायला शिकलो.

शिकलो ते ग्रे कापडाच्या गाळ्यात. शाळा सुटली आणि मी ताके मोजायला लागलो. मागावरून उतरलेलं कोरं कापड मीटरवर मोजून घडी घालायचं. तिथे पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा दलाल मला म्हणाला होता, कापड ताणून मोजलं की मीटर वाढतात आणि पाण्यात टाकलं की आटतात, तेव्हा देणाऱ्याचा हात बघ. तेव्हापासून मी हातच बघत आलोय. लग्नात, दवाखान्यात, स्वतःच्या मुलाच्या शाळेत. लोक म्हणतात, बापू संशयी आहे. असेल. संशय घेऊनच मी दोन गाळे केले.

ताईचं स्थळ मामाने आणलं. मुलगा प्रकाश, आईबाप सुरतेजवळ कडोदऱ्याला, खानदेशीच. पण तो स्वतः शारजाला, एका कापडाच्या दुकानात. शारजा हे नाव आमच्या पडवीत पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मायने ते ऐकलं आणि परात खाली ठेवली.

"मन्ही पोर इतली लांब नको," ती म्हणाली.

"लांब कशाचं अक्का?" मामा मांडी ठोकून बसला होता, पुढ्यात चहाची बशी. "मी अमळनेरहून निघतो तेव्हा तुझ्या दाराशी यायला माझा दिवस जातो. ही विमानात बठनी का उतरनी. दीड तास."

"दीड तास?" मी विचारलं.

"विचार पोराला. रविवारी येतोय बघायला."

रविवारी प्रकाश आला, वडिलांबरोबर. वडिलांना सगळे नाना म्हणायचे. पांढरं धोतर, टोपी, आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. प्रकाश गोरा, भिडस्त, हातात मोठं चकचकीत घड्याळ. पोहे झाले, ताई आत गेली, आणि मी सरळ विचारलं, "विमान किती वाजता निघतं मुंबईहून?"

"सकाळी दहाला," प्रकाश म्हणाला.

"आणि पोहोचतं?"

"साडेअकराला उतरतो आम्ही."

मामाने मायकडे बघितलं, झालं का समाधान, अशा नजरेने. माय खरंच हलकी झाली होती. दीड तास म्हणजे नंदुरबारसुद्धा नाही. पण मला बाजाराची सवय. जाण्याचा भाव सांगितला की येण्याचा विचारायचा.

"आणि तिकडून?"

"तिकडून दुपारी एकला निघतं," प्रकाश म्हणाला. "मुंबईला साडेपाच."

मागे माग चालू होते. आबांना ऐकू आलं नव्हतं, ते पोहे खात होते.

"जायला दीड तास आणि यायला साडेचार?" मी म्हणालो. "तेच विमान, तीच वाट. मध्ये चढ आहे का?"

प्रकाश हसला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामा मध्ये पडला. "वारं असतं रे बाबा! वारं उलटं लागतं येताना. तुला काय कळतं विमानातलं?"

नानांनी घसा खाकरला. प्रकाश गप्प बसला. आणि माय परातीतल्या पिठाकडे बघत स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "बरोबर शे. सासरले जावाले येळ लागत नही, माहेरले येवालेच लागस."

सगळे हसले. मी हसलो नाही. प्रकाश काय सांगणार होता आणि मामाने त्याचं तोंड का बंद केलं, हे माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी गाळ्यावरून सुटलो आणि स्टेशनसमोरच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. मी विचारलं, मुंबईहून शारजा किती लांब, किती वेळ. तो म्हणाला, दोन हजार किलोमीटरच्या आसपास, तीन तास. जाताना तीन, येताना तीन, दहा-पंधरा मिनिटं इकडे तिकडे. मी दीड आणि साडेचारची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. "अरे भाई, त्यांनी घडियाळ दोढ कलाक पाछळ छे!" त्याने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बोटाने मागे फिरवल्यासारखं करून दाखवलं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे; जाताना ते तुम्हाला दीड तास परत देतं, येताना काढून घेतं. तीन तास कुठे जात नाहीत.

मी तिथून घरी चालत नाही, जवळजवळ पळत आलो. पकडलं होतं मी मामाला! वारं म्हणे! बोलणी होती त्या दिवशी सगळ्यांच्या समोर, कडोदऱ्याच्या पंधरा पाहुण्यांच्या देखत, मी उभा राहून ते घड्याळाचं सांगितलं. दीड तास म्हणून माझ्या आईला सांगण्यात आलं, ते तीन तास आहेत, दुप्पट, आणि असं आक्रसून मोजलेलं कापड आम्ही घेत नाही. मामाचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं, आणि लगेच मग चीडही येते, कारण मला तेव्हा एवढंच बघायचं होतं.

"बरं बाबा, तीन," मामा म्हणाला. "तीन तास तरी लांब आहेत का? तू सांग, काय पाहिजे तुला?"

तो मला भाव विचारत होता आणि मी दिला. "दर आखाजीला ताई माहेरी पाहिजे. एक आखाजी चुकता कामा नये. पंचांसमोर कबूल करा."

नानांनी घसा खाकरला. "कबूल. आमची कधी ना नाही. मुराळी आला की पाठवू."

मामाने मान डोलावली. "मुराळी आला की पाठवतील. रीतच आहे." आणि सुपारी फुटली.

आजपर्यंत मी हजारो सौदे केले. पण ते चार शब्द माझ्या कानाखालून गेले तसं पुन्हा काही गेलं नाही. मुराळी आला की पाठवू. मी तर खूशच झालो होतो. मुराळी मीच. म्हणजे मी विमानात बसणार! सुपारी चघळत मामा खाली बघत होता. तो लाजला असं मला वाटलं. आता मला तसं वाटत नाही. ज्याने वीस वर्षं मुराळीपण केलं त्याला पक्कं माहीत होतं की कडोदऱ्याच्या सुनेला आणायचं म्हणजे मुराळ्याला पासपोर्ट पाहिजे, विझा पाहिजे, आणि तो विझा काढणार कोण, तर ज्यांची सून आहे तेच.

ताई माघात गेली. पहिल्या आखाजीला माझा पासपोर्टच झाला नव्हता. पोलिसांची चौकशी तीन वेळा येऊन परत गेली. मायने तरी गल्लीतल्या निंबाला झोका बांधून घेतला आणि शेजारच्या पोरी त्यावर झुलल्या. मी कडोदऱ्याला गेलो. "प्रकाशदाजींना सांगा, ते घेऊन येऊ देत," म्हणालो. नाना म्हणाले, "तो सुट्टीला येईल तेव्हा येईल. सून आखाजीला एकटी माहेरी जाणार का? तुम्ही मुराळी पाठवा. आम्ही कुठे नाही म्हणतो?" खरंच ते नाही म्हणत नव्हते.

पुढच्या वर्षी माझ्या हातात पासपोर्ट होता. एसटीडी बूथवरून मी प्रकाशला फोन लावला. तो म्हणाला, शेठला विचारतो. मग म्हणाला, शेठ वर्षाला एकाचाच विझा काढून देतो, बघू. त्या 'बघू'वर मी हिवाळा काढला. मायने ताईसाठी कुरडया वाळवून डब्यात भरल्या, मी नवी पँट शिवून घेतली.

आखाजीच्या आधी नेहमीप्रमाणे मामा आला. आंब्यांची पाटी, डांगर, "अक्का, चाल!" पण या वेळी हातात पेढ्यांचा पुडाही होता. मायने विचारलं, कशाचे रे? मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपल्या कैलासचं काम झालं. प्रकाशने शेठला सांगून विझा काढला त्याचा. शारजाला चालला पोरगा, त्याच दुकानात."

कैलास म्हणजे मामाचा मुलगा. एकाचाच विझा, आणि तो कैलासचा. मला एका क्षणात सगळा ताका उलगडलेला दिसला, पहिल्या मीटरपासून शेवटच्यापर्यंत. हे स्थळ का आणलं. दीड तास का सांगितले. प्रकाशचं तोंड का बंद केलं. माझी बहीण दिली आणि त्याबदल्यात त्याच्या पोराला तिकडे जागा झाली. मामा काहीतरी बोलत होता, अरे योगायोग आहे, अरे शेठला माणूस पाहिजे होता, पण मी ऐकण्यातला नव्हतो. घागरीवर ठेवायचं ते डांगर मी उचललं आणि रस्त्यावर आपटलं. बिया पार पानाच्या गादीपर्यंत उडाल्या. कारखान्यातले लोक दारात आले.

"आजपासून तुझ्या घरातल्या एकानेही माझ्या बहिणीला आणायला जायचं नाही," मी ओरडलो. "तू नाही, तुझा कैलास नाही. मी जाईन! ऐकलं का? मी!"

मामाने फुटलेल्या डांगराकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक." एवढंच. मायचं गाठोडं उंबऱ्याजवळ बांधून ठेवलेलं होतं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली बसून गाठ सोडायला लागली. मामा परतीच्या पॅसेंजरने एकटा गेला. त्यानंतर तो उधन्याला कधी आला नाही. मायलाही न्यायला आला नाही.

वर्षं गेली. आबा गेले. मी दलाली केली, मग गाळा, मग दुसरा. ताई यायची, नाही असं नाही. प्रकाशच्या सुट्टीत, दोन-तीन वर्षांतून एकदा, कडोदऱ्याला. आमच्याकडे जेवायला यायची, पाहुण्यासारखी, आणि संध्याकाळच्या आत परत. आखाजीला कधी नाही. कैलास मात्र दर आखाजीला गावी यायचा. मुंबईला उतरून सुरतहून ताप्ती लाइनची गाडी धरायचा, आणि वाटेत उधन्याला ताईने दिलेली पिशवी द्यायचा. खजूर, साबण, बाम. घरात पाऊल टाकायचा नाही, गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा. पहिल्या वर्षी मी विचारलं, "ताई?" तो म्हणाला, "नाही म्हणाली." मी पुन्हा विचारलं नाही. माय पिशवी उघडून आधी तिचा वास घ्यायची आणि मग साबण ट्रंकेत ठेवून द्यायची. एकही तिने वापरला नाही.

मी स्वतः का गेलो नाही, असं विचारणारे आहेत. माझी बायकोसुद्धा विचारते. ती 'नाही म्हणाली' हे ऐकल्यावर मुराळ्याने कशाला जायचं? मुराळी मन वळवायला जात नाही, न्यायला जातो. फोन आले, मोबाइल आले, आम्ही बोलायचो. पोरं कशी आहेत, दाजींची शुगर कशी आहे. आखाजीचं ना तिने काढलं ना मी.

या वर्षी माझ्या मुलाने जेवताना सहज म्हटलं, "पप्पा, सुरतथी शारजा डायरेक्ट फ्लाइट छे. तीन तास." त्याला काय माहीत तीन तास या शब्दांनी माझं काय होतं. मी ताट बाजूला सारलं. पण रात्रभर... नाही, खरं सांगतो, दोन महिने तो आकडा डोक्यात खुपत राहिला. शेवटी मीच त्याला म्हणालो, बघ विझाचं. त्याने चहा पिता पिता मोबाइलवर माझा फोटो काढला, चार बटणं दाबली, आणि चौथ्या दिवशी विझा आला. ना शेठ, ना प्रकाश, ना नाना. जे माझ्या तरुणपणी कोणाच्या तरी मेहरबानीवर होतं ते चहाचा कप संपेपर्यंत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त राग आला.

ताईला मी कळवलं नाही. विमान उडालं तशा खाली हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या, मग नुसता समुद्र. मी घड्याळ हातातून काढून मांडीवर ठेवलं आणि सगळा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. तीन तास. ट्रॅव्हलवाला खरं बोलला होता. माणूस एवढ्या वेळात एक ताका धड तपासून घेत नाही.

ताईने दार उघडलं. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मी बोलायच्या आत तिने माझ्या मागे बघितलं, कोणी आहे का, मग माझ्या हातातल्या आंब्यांच्या खोक्याकडे. आणि ती अहिराणीत बोलली, जी तिथे तिच्या पोरांपैकी कोणालाच येत नाही.

"मुराळी ऊना?" आणि मग, "इतला येळ का लागना रे भाऊ?"

मी म्हणालो, "तूच नाही म्हणत होतीस ना?"

"मी?" ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं? मी तर दरवर्षी कैलासची वाट बघत कपडे भरून बसायचे. तो यायचा, पिशवी घ्यायचा. म्हणायचा, बापूदादा म्हणतो मीच येणार, दुसऱ्या कोणाबरोबर पाठवायचं नाही. मग मी बॅग परत कपाटावर ठेवायचे." तिने आंब्यांचं खोकं माझ्या हातातून घेतलं. "मामेभाऊ काय भाऊ नसतो का? त्याच्याबरोबर आले असते की मी."

तिच्या स्वयंपाकघरातूनच मी कैलासला फोन लावला. तो आता अमळनेरला असतो, बंगला बांधलाय. फोन ताईला ऐकू जाईल असा ठेवला.

"दादा, तुम्हीच म्हटलं होतं ना," कैलास म्हणाला. "आमच्या घरच्यांनी आणायचं नाही म्हणून. सगळी गल्ली साक्षीला होती. बाबा म्हणाले, बापूचा शब्द आहे, पाळायचा."

"आणि ताई नाही म्हणाली, हा कोणाचा शब्द?"

पलीकडे कैलास 'हॅलो, हॅलो' करायला लागला.

"बोल ना!"

"ते... बाबांनीच सांगितलं होतं. असं सांग म्हणजे तो विषय काढणार नाही म्हणाले. दादा, आवाज तुटतोय तुमचा."

माझा आवाज तुटत नव्हता. शारजात माझ्या आवाजाने वरच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले होते. फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

मी ताईला घेऊन आलो. आखाजीच्या आदल्या दिवशी. विमानात ती खिडकीशी बसली आणि तिने हातातलं घड्याळ पुढे केलं नाही. मी म्हणालो, दीड तास पुढे कर. ती म्हणाली, राहू दे. माय आता पलंगावरच असते. तिने ताईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कानामागे बोट फिरवलं, जणू तिथे अजून टिकली असेल. मग म्हणाली, "दमनी व्हशी. जेवी ले." दुसऱ्या दिवशी झोका बांधला. पासष्टीच्या जवळ आलेली बाई झोक्यावर बसली आणि खाली उतरेना.

गावाकडचे लोक मला सांगतात, मामा म्हातारा झाला, सोड आता. तूच तेव्हा तोंड टाकलंस. असेल टाकलं. पण बाजाराचा नियम मला चांगला माहीत आहे. रागात सांगितलेला भाव सौद्यात धरत नाहीत. राग उतरेपर्यंत थांबतात, चहा मागवतात आणि पुन्हा विचारतात. मामाने एकदाही पुन्हा विचारलं नाही. त्याला तो भाव परवडत होता म्हणून त्याने तो धरून ठेवला. आता म्हणे त्याला ऐकू येत नाही. माझ्या आबांनाही ऐकू यायचं नाही, पण त्यांचे कान मागाने गेले होते. मामाचे कुठे गेले ते मला बघायचं आहे.

म्हणून हे सगळं लिहून काढलं. त्याला ऐकू येत नसेल तर कैलासने वाचून दाखवावं, मोठ्याने, सगळ्या घरासमोर. मामा, शारजाचं मी क्षणभर बाजूला ठेवतो. तिथे समुद्र होता, विझा होता, उलटं वारं होतं, तुझं ते आक्रसलेलं घड्याळ होतं. पण अमळनेरहून उधन्याला यायला कोणता विझा लागत होता? दोन्हीकडे घड्याळ एकच होतं. डांगर मी फोडलं होतं, माझ्या आईने नाही. दर आखाजीला ती गाठोडं बांधते आणि संध्याकाळी सोडते. या आखाजीला लेक समोर झोक्यावर होती तरी तिने बांधलं. तिचा मुराळी तू आहेस, दुसरा कोणी होऊ शकत नाही. गाडी आता थांबत नाही, लाइन दुहेरी झाली आहे. ये, तिच्या पलंगापाशी बस आणि मला नको, तिला सांग, तुला इतका वेळ का लागला.